मानेवर ओझं नको

“बोट काढ, लेका!”

ताहेर मिस्त्रीनं देवीदासच्या मनगटावर चापटच मारली. देवीदास मोटारीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून, चाकावरचा भार झेलणाऱ्या नव्या लोखंडी कमानीचं भोक सांगाड्याच्या भोकासमोर आलं का, ते बोट घालून चाचपत होता.

“कमान जराशी सरकली ना, त बोट आत अन् तू भाईर. सळई घालून पाय. सळईले माय नसते रडायले.”

देवीदासची माय ओट्यावरच बसली होती. माणिकबाई झेंडूची माळ ओवत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण सुई थांबली. बोट बाहेर आलं, तशी सुई पुन्हा चालू झाली.

माळ पाळण्यासाठी होती. उद्या अकोल्याला, जठारपेठेत, तिच्या लेकीच्या दुसऱ्या लेकराचं बारसं होतं. माणिकबाई आज दुपारीच निघणार होती, पण मोटारीनं नाही. गावातल्या शालिकरामच्या बैलगाडीनं अमरावतीपर्यंत आणि पुढं रेल्वेनं. एकटी. हे तिनं सुनेला सांगितलं होतं. लेकाला नाही; त्याला ते सुनेकडूनच कळलं.

पोळा झाला आणि देवीदासनं चांद्या आणि त्याच्या जोडीचा बैल विकून ही मोटार आणली. आधी अमरावतीच्या एका वकिलाची, मग एका कंत्राटदाराची, आणि आता चांदूर बाजारच्या या मळ्यातली. तेव्हापासून माणिकबाई तिला ‘ते’ म्हणायची. ते आलं, ते गेलं. बाजाराला ती पायी जायची. देवीदास रस्त्यात तिच्याशेजारी मोटार थांबवायचा, दार उघडायचा. ती बाभळीकडं पाहत चालत राहायची. मग तो दार लावून तिच्या मागं मागं, बैलाच्या चालीनं, घरापर्यंत मोटार आणायचा. लोक दात काढायचे. दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

आणि काल कोबी नेताना मागची कमान मोडली. माणिकबाई एवढंच म्हणाली, “बैल मोडत नोयते.”

ताहेर सकाळच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीनं अमरावतीहून आला होता. कमान टपावर टाकून. आल्या आल्या त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकनं मागची बाजू उचलली आणि सांगाड्याखाली बाभळीचा जाड ओंडका सरकवला.

“जॅक हाय ना, ताहेरभाई,” देवीदास घाईला आला होता.

“जॅक म्हनजे पावना. कवा उठून जाईन, भरोसा नाई. ओंडका घरचा.”

आता भोकं जुळली. ताहेरनं सळई काढून तिच्या जागी बोल्ट सारला, नट हातानंच फिरवून ढिला ठेवला. मग मोडक्या कमानीचं पातं उचललं. तुटलेली कड उन्हात धरली, आणि वाकून पुढच्या चाकाकडं पाहिलं.

“पुढच्या कमानी पाय. नव्या नवरीवानी बसल्या हायेत, कामच नाई. तुया बाजूची सीट रिकामी, पायाशी जागा रिकामी, अन् सारा कोबी मागच्या चाकाच्याई मांगं! कोनं शिकवलं तुले असं भरायले?”

देवीदास सळई पुसत राहिला. ती पुसायची काही गरज नव्हती.

“अबे, कोनं शिकवलं?”

“राहू दे ना, ताहेरभाई.”

“राहू कसं दे? हे बी मोडीन. कोन्या गाढवानं...”

“म्या,” ओट्यावरून आवाज आला.

ताहेरच्या हातातलं पातं तसंच राहिलं. “माय, म्या तुमाले नाई म्हटलं...”

“मालूम हाय. पन म्याच शिकवलं. बैलाच्या मानेवर ओझं येऊ नये म्हून. थोडं मांगं भरत जाय, म्हटलं होतं.” ती ताहेरशी बोलत होती आणि देवीदासकडं पाहत होती. असं सरळ पाहिल्याला बरेच दिवस झाले होते. “पन याले मान कोठी हाय रे?”

देवीदासचे कान लाल झाले.

“हात तसाच भरते, माय. पुढं टोपलं ठेवाले गेलो, का चांद्याची मान दिसते.”

माणिकबाईनं माळेच्या दोऱ्याला गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली.

नालासारखे वाकलेले बोल्ट बसले, चाक चढलं, ओंडका निघाला, जॅक उतरला. मोटार आपल्या चार पायांवर उभी राहिली. देवीदासनं पाना उचलला आणि सगळे नट एका दमात आवळायला वाकला.

“थांब! उपाशीपोटी नाडा कसून बांधला अन् मंग पंगतीत जाऊन बसला, त काय होईन?”

“नाडा तुटीन.”

“हां. मंग हे बी उपाशी हाय आता. पयले वजन बसव. कमान लवू दे. मंग आवळ.” ताहेरनं आवाज चढवला. “सुभद्रावयनी! बसा जरा मांगं!”

देवीदासची बायको पदरानं हात पुसत आली. पहिल्यांदाच कोणी बस म्हटलं होतं, म्हणून भर्रकन चढली. ताहेरनं कमानीकडं पाहिलं.

“हे त फुलाचं टोपलं झालं. काईच लवली नाई. देवीदास, घरात खाऊ घालतं का नाई?”

“मायापेक्षा जास्त खाते ते,” देवीदास म्हणाला.

“खोटं हाय हो, भाऊजी!” सुभद्रा आतून ओरडली.

ताहेर मोटारीखाली आडवा झाला. तिथूनच बोलला, जसं काही कोणाशी नाहीच. “आनखी एक मानूस पायजे बाप्पा. भारी.”

देवीदासनं ओट्याकडं पाहिलं नाही. तो पान्याच्या तोंडातलं वंगण नखानं काढत होता.

माणिकबाई उठली. माळ टोपलीत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. मोटारीच्या पायरीशी येऊन चपला काढल्या. दाराच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि पाठीवरून फिरवावा तसा मागपर्यंत फिरवत नेला. एका जागी पोचा होता. तिथं हात थोडा थांबला. मग ती चढली. कमान करकरली आणि लवली.

“आता बसलं,” खालून ताहेर म्हणाला. “हालू नका, माय.”

नट आवळले जाऊ लागले. माणिकबाई ताठ बसली होती, मांडीवर दोन्ही हात. जरा वेळानं तिची नजर गोठ्याच्या भिंतीशी गेली. तिथं म्हशीच्या सरकीच्या गोण्या रचलेल्या होत्या, तोंड शिवलेल्या, एकीवर एक.

“काहून रे ताहेर, त्या गोन्या भारी नोयत्या?”

पाना थांबला. सुभद्रानं तोंडाला पदर लावला.

“गोन्या सांगत नाईत ना, माय. करकर कोठी होते, ते मानसालेच कयते.”

“असं हाय का.”

“हाव.”

“मंग डाव्या बाजूले होते,” माणिकबाई म्हणाली. “पाय नीट. लेकरू चालवते हे.”

ताहेर सरपटत डाव्या बाजूला गेला. देवीदासनं त्याला मोठा पाना दिला, तर तो उलटा धरलेला.

सगळे नट झाले. सुभद्रा उतरली, तिला घरातलं आवरायचं होतं. रस्त्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. शालिकराम वेळेचा पक्का. देवीदासनं तो आवाज ऐकला, दार उघडलं आणि हात पुढं केला.

“झालं, माय. उतर. गाडी आली तुयी.”

माणिकबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. काळा झाला होता, आणि मनगटावर ताहेरच्या चापटीचं वंगण तसंच होतं. ती सीटवर थोडी आत सरकली.

“मायी चप्पल वर दे,” ती म्हणाली.

देवीदास वाकला. चपला उचलल्या, आपल्या धोतराला पुसल्या, पुन्हा पुसल्या. खाली ताहेरचं काम केव्हाच संपलं होतं, तरी तो बाहेर आला नाही. आवळलेल्या नटावर पान्यानं उगाच टकटक करत राहिला.