पहिला घाणा

तेजराम उंचावरचा माणूस. भिलाईच्या कारखान्याचं दुसऱ्या टप्प्याचं काम तेव्हा जोरात चाललं होतं. नवी झोतभट्टी उभी राहत होती, आणि तिच्या सांगाड्यावर, भल्याभल्यांचे पाय लटपटतील अशा जागी, तेजराम दोराला लोंबकळून लोखंडाच्या तुळया बसवायचा. मूळचा तुमसरकडचा, धानाच्या बांधावर वाढलेला. घरी आला की बायकोला चिडवायचा, "वरून तं आपली झोपडी काड्याच्या पेटीएवढी दिसते वं मैने. तू तं दिसतच नाई."

"नाई दिसत तेच बरं," मैनाबाई म्हणायची. "नाई तं तिथूनबी चहा मागसान."

त्या उन्हाळ्यात पटकी आली. मजुरांच्या छावणीत सगळे तिला हैजा म्हणत. ती म्हणे समुद्रापलीकडून देशोदेशी फिरत कलकत्त्याला उतरली होती आणि तिथून रेल्वेच्या रुळांनी पुढे सरकत होती. छावणीतल्या हातपंपांना पाणी उरलं नव्हतं. लोक डबक्यातून पाणी भरत. आधी झोपड्यांच्या एका ओळीतली दोन म्हातारी माणसं गेली, मग लहान मुलं, आणि मग कोण गेलं हे विचारणंही लोकांनी सोडून दिलं.

एका सकाळी मैनाबाई पाण्याच्या रांगेतून परत आली तर तेजराम दारातच बसलेला. भिंतीला टेकून. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, वर उलट्या. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली आणि पिंढऱ्यांत असे गोळे येऊ लागले की हा दांडगा गडी ओरडू लागला. मैनाबाईने आठ वर्षांच्या नलूला शेजारच्या भीमाबाईच्या ओटीत ढकललं आणि नवऱ्याला हातगाडीवर घातलं. तेजरामबरोबर वर चढणारा चंपत गाडी ओढायला धावला.

छावणीच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड होती. सिमेंटची पोती काढून तिथे तात्पुरता दवाखाना केला होता. आत बाजा, बाजांखाली बादल्या, आणि फिनेलचा वास. नागपूरचे डॉक्टर खेडीकर तिथे राबत होते. तरुण माणूस, पण दाढी वाढलेली, आवाज बसलेला. त्यांनी तेजरामची नाडी पाहिली. मनगटाला लागली नाही.

"सलाइन लावा," ते म्हणाले. कंपाउंडर हलला नाही. "साहेब, शेवटच्या बाटल्या आहेत."

"लावा म्हटलं ना."

बाटली लागली. आणि मैनाबाईच्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला. मेल्यासारखा पडलेला माणूस हळूहळू परत आला. ओठांवर ओल आली, डोळे हलले. बाटली रिकामी होत आली तेव्हा तेजरामने तिचा पदर धरला आणि हसून विचारलं, "नलूनं काई खाल्लं का?"

तिला वाटलं, आता सुटलो. पण पाणी जसं आत जात होतं तसं बाहेरही जात होतं. संध्याकाळी पुन्हा डोळे खोल गेले. तिने डॉक्टरांना गाठलं. "अजून एक लावा ना साहेब. एका बाटलीनं बोलला तो. अजून एकीनं उठून बसन."

डॉक्टर खेडीकर तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, नाहीये. कारखान्याच्या वसाहतीतल्या दवाखान्यातलं संपलं, रायपूरचं संपलं. कलकत्त्याहून येणारा माल वाटेत अडकलाय. उद्या सकाळच्या गाडीने परदेशातून मदत येतेय. तोवर चमच्याने पाणी पाजत राहा."

ती पाजत राहिली. प्रत्येक चमचा उलटून पडत राहिला.

सकाळी स्टेशनावरून ट्रक आला. शेडमधून नातेवाईक बाहेर धावले. लाकडी पेट्या उतरल्या. त्यांच्यामागून एक सोव्हिएत डॉक्टरीण उतरली. झोया नाव, पन्नाशीची, ठेंगणी, उन्हाने लाल झालेली, डोक्याला पांढरा रुमाल. चंपतने पहार घालून पहिली पेटी फोडली. आत रबरी नळ्या. दुसरीत तांब्याची नागमोडी नळी आणि बॉयलरचं भांडं. तिसरीत पुठ्ठ्याच्या डब्यांत पांढरी भुकटी. चंपतने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"मीठ! सायेब, हे तं मीठ हाय! आमचे लोक मरून राहिले, अन् यायनं मीठ धाडलं?"

गर्दी खवळली. रिकाम्या बाटल्यांची पेटी उघडली तेव्हा तर कुणी तरी शिवीच हासडली. झोया मोडक्या हिंदीत काही सांगत होती, कुणी ऐकत नव्हतं. शेवटी डॉक्टर खेडीकर पेटीवर चढले.

"भरलेल्या बाटल्या पाठवल्या असत्या तर दोन दिवसांत संपल्या असत्या," ते घोगऱ्या आवाजात ओरडले. "मग पुन्हा कुणाची वाट बघायची? हे यंत्र इथे राहणार आहे. आपलं सलाइन आपणच करायचं. आज, इथे. पण मला पाणी पाहिजे, जळण पाहिजे आणि हात पाहिजेत."

"आज म्हंजे कधी?" मैनाबाईने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

तिने शेडच्या दाराकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि दोन बादल्या उचलल्या.

दिवसभर ती पाणी आणत होती. टँकर थेट फाटकाशी उभा, तिथून शेडपर्यंत खेपा. चंपतने आणि गड्यांनी विटांची चूल रचली, वर भांडं बसवलं, तांब्याची नळी थंड पाण्याच्या पिंपातून काढली. ते बघून चंपत इतक्या दुःखातही म्हणाला, "मैनावहिनी, ही तं मोहाची भट्टी वं!" ती खरंच तशीच होती. वाफ वर जायची, नळीत गार व्हायची आणि टोकाकडून थेंबथेंब गळायची. फक्त इथे दारूऐवजी शुद्ध पाणी गळत होतं. प्रत्येक खेपेनंतर मैनाबाई आत जाऊन तेजरामच्या छातीवर हात ठेवून यायची. छाती हलत होती. ती पुन्हा बादल्या उचलायची. जळण ओलं निघालं तेव्हा तिने गुडघे टेकून इतकं फुंकलं की डोळ्यांसमोर अंधारी आली.

उन्हं कलली तेव्हा पहिला घाणा तयार झाला. मीठ मिसळलं, बाटल्या भरल्या, बुचं लावून वाफवल्या. झोयाने एक बाटली उचलून सूर्याकडे धरली. बराच वेळ बघत राहिली. दुसरी उचलली. तिसरी. मग मान हलवली.

"नहीं. खराब."

नळ्या नव्या होत्या. धुतल्या होत्या तरी आतला तेलकट मळ पुरता गेला नव्हता. पाण्यात बारीक तंतू तरंगत होते, नीट पाहिलं तरच दिसणारे. डॉक्टर खेडीकरांनीही बाटली उजेडात धरली. "इतकं थोडं तर आहे..." ते पुटपुटले, मग झोयाशी इंग्रजीत काही बोलले. झोया बोलली. दोघांचे आवाज चढले. मग डॉक्टरांनी हातातली बाटली तिला परत दिली.

झोयाने बूच काढलं आणि पहिली बाटली जमिनीवर ओतली.

मैनाबाई धावली. तिने झोयाचे पाय धरले. "बाई, हे सांडू नका वं! माया हातचं पाणी हाय हे, सकाळपासून भरून राहिली मी. खराब तं खराब! मरूनच राहिला तो, त्याले खराब काय अन् चांगलं काय? कावून फेकून राहिले तुमी?" तिने उरलेल्या बाटल्यांवर अंग टाकलं. एक बाटली छातीशी धरून ती शेडकडे पळू लागली. चंपतनेच तिला अडवलं, आणि अडवताना तोही रडत होता.

डॉक्टर खेडीकर तिच्यासमोर खाली बसले. "मैनाबाई, हे रक्तात गेलं तर थंडी भरून येईल, ताप चढेल. आता त्याच्यात ते सोसायची ताकद नाही. आपल्या हातानं मारू आपण."

"अन् नाई देलं तं?"

डॉक्टरांनी तिच्या हातातून बाटली सोडवून घेतली, तेव्हा तिच्या बोटांत जोर उरला नव्हता.

नळ्या पुन्हा धुतल्या. पुन्हा चूल पेटली. या वेळी मैनाबाईने बादली उचलली नाही. ती आत जाऊन तेजरामच्या उशाशी बसली. त्याचा आवाज गेला होता, नुसता श्वास घोगरा येत होता. तिने त्याला नलूचं सांगितलं, भीमाबाईने तिला भात भरवल्याचं सांगितलं. भरवला होता की नाही, तिला माहीत नव्हतं. तो ऐकत असावा. त्याच्या बोटांनी एकदा तिच्या तळव्याला चाचपलं. मग ती बोटं तशीच राहिली.

दुसऱ्या घाण्याची पहिली बाटली घेऊन डॉक्टर आत आले तेव्हा मैनाबाईने तेजरामच्या तोंडावर स्वतःचा पदर ओढला होता. ते शेजारच्या बाजेकडे वळले. तिथे अन्नपूर्णा नावाची एक बाळंतीण पडली होती, दुर्गच्या रेल्वे गँगमनची बायको. तिचा नवरा बाळाला घेऊन बाहेर बसला होता. सुई टोचली, पण बाटली टांगायला त्या बाजेजवळ खुंटी नव्हती, कंपाउंडर दुसऱ्या टोकाला.

"कोणी धरा रे!" डॉक्टर ओरडले.

सगळ्यात जवळ मैनाबाईच होती. ती उठली. तिने बाटली घेतली आणि उंच धरली. आतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. ते थेंबथेंब त्या परक्या बाईच्या अंगात उतरत गेलं. मैनाबाईचा हात भरून आला, खांदा ठणकू लागला, तरी तो खाली आला नाही. डोळ्यांतून मात्र धार लागली होती, आणि ती पुसायला दुसरा हात मोकळा असूनही तिने पुसली नाही. अन्नपूर्णा जगली.

तेजरामला शिवनाथ नदीच्या काठी इतरांबरोबर अग्नी दिला. मैनाबाई नलूला घेऊन गावी जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण गावात तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. डॉक्टर खेडीकरांनी बोलावणं पाठवलं: सलाइनच्या भट्टीवर बाया पाहिजेत, झोयाबाई शिकवतील. निरोप्याला तिने हाकलून दिलं. पुढच्या आठवड्यात भीमाबाईला जुलाब सुरू झाले. मैनाबाईच तिला त्या शेडमध्ये घेऊन गेली, भीमाबाईला बाटल्या लागल्या, लागल्या तितक्या मिळाल्या, आणि ती उठून घरी आली. त्यानंतर मैनाबाई कुणाला काही न सांगता भट्टीवर जाऊ लागली.

पाऊस सुरू झाला तशी साथ ओसरली. तोवर भट्टीवर छावणीतल्या पाच-सहा बाया तयार झाल्या होत्या, दोन कंपाउंडर नळ्या जोडायला शिकले होते, आणि रायपूर, राजनांदगावचे दवाखाने इथून बाटल्या नेऊ लागले होते. झोयाचं काम झालं होतं. जायच्या दिवशी ती एकेकीला भेटली. मैनाबाईपाशी येऊन थांबली आणि दोन्ही हात पुढे केले.

एवढ्या दिवसांत दोघी शेजारी शेजारी राबल्या होत्या. त्या पहिल्या घाण्याचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नव्हतं. आज मैनाबाईनेच विचारलं. डॉक्टर खेडीकर जवळ होते, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "इचारा यायले. ते पाणी देलं असतं, तं वाचला असता का तो?"

डॉक्टरांनी विचारलं. झोयाने उत्तर दिलं तेव्हा ती मैनाबाईकडेच बघत होती.

"त्या म्हणतात, माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज विचार करते, म्हणतात. पण माहीत नाही."

मैनाबाईने झोयाचे हात हातात घेतले. भट्टीच्या वाफेने भाजलेले, तिच्या स्वतःच्या हातांसारखेच.

"तुमचं पाणी चांगलं हाय बाई," ती म्हणाली. "पण लय उशिरा आलं."

डॉक्टरांनी याचं भाषांतर केलं नाही. झोयाला ते कळलं असावं. ती मान खाली घालून जीपकडे गेली, आणि मैनाबाई आत वळली, चुलीतलं लाकूड पुढे सारायला.