आधी ते च्युइंगम थुंक

औषध कंपनीच्या वकिलाला पाहिलं की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भास थांबवणाऱ्या गोळ्यांनी लेकाचा जबडा कायमचा हलता करून ठेवला, म्हणून तिनं कंपनीवर दावा लावला होता. वकिलाचं मात्र एकच पालुपद: जबडाबिबडा काही हलत नाही, बाईचा नुसता कांगावा आहे.

आज लेक साक्षीला उभा राहिला. वकील उलटतपासणीला उठला आणि त्याच्याकडे बघून खेकसला, "आधी ते च्युइंगम थुंक! कोर्टात रवंथ करतोस?"

लेकानं निमूट आ केला. तोंडात काही नव्हतं. नुसती जीभ वळवळत होती.

आई ताडकन उठली. "लिहून घ्या, जजसाहेब," ती कडाडली. "ह्या मेल्यालाही दिसलं एकदाचं!"