जोडीचा डोळा

खोटा डोळा जमला की नाही, हे ठरवायची एकच कसोटी असते. समोरच्या माणसाचा खरा डोळा कुठला आणि केलेला कुठला, हे बघणाऱ्याला चटकन सांगता येऊ नये. तिने केलेले डोळे या कसोटीला वर्षानुवर्षं उतरत आले होते. कार्यशाळा लहानशीच. खाली मालक साचे काढत आणि तयार डोळे घासून चमकवत. वर खिडकीशी तिचं टेबल. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसे. त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत ती नखाएवढ्या चकतीवर रंग चढवी, लाल रेशीम पिंजून त्याच्या तंतूंनी पांढऱ्यावर शिरा काढी आणि शेवटी चकतीवर पाण्याचा एक थेंब सोडी. थेंबाखाली रंग जसा दिसतो तसाच तो पुढे पारदर्शक थराखाली दिसतो. थेंबात जोडी जुळली की काम पक्कं. नाही जुळली तर चकती खरवडायची आणि नव्याने बसायचं. मधली बाहुली तर रंगवायचीही नसते. काळा ठिपका बसवला की झालं.

नक्कल करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हे ती जाणून होती. तेच तिला अलीकडे सलायला लागलं होतं. इतकी वर्षं रंगात हात बुडवून आपलं म्हणावं असं एक चित्र नाही, असं ती एकदा वहिनीपाशी बोलून गेली. वहिनीने तिला धरून चित्रांच्या वर्गाला नेलं. स्वतः वहिनी दोन शनिवारांत कंटाळली. ही मात्र चिकटली.

बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरे. जमिनीला अजून शाईचा वास होता. शिकवणाऱ्या बाई पूर्वी मातीची भांडी करत. बोटं वाकडी झाल्यावर त्यांनी चाक सोडलं होतं. त्या चित्र कसं काढायचं हे शिकवतच नसत. आधी शांत बसवत, श्वास संथ झाला की कागद पुढे सरकवत आणि म्हणत, हात जाईल तिकडे जाऊ द्या. प्रत्येकाच्या आत एक कलावंत बसलेला असतो, आणि देवाला आपल्याशी बोलायचं असेल तर तो त्याच्याच तोंडून बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा नियम एकच होता. एकदा काढलेलं खोडायचं नाही.

दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, या प्रकरणाची यथेच्छ टर उडवली. त्याचं न्हाव्याचं दुकान होतं आणि जीभ वस्तऱ्याहून धारदार. आतला कलावंत बाहेर आला तर त्याला जेवायला कोण घालणार, असं तो गिऱ्हाइकांदेखत विचारी. दादाचा डावा डोळा पोरवयातच गेला होता. आता तिथे असे तो तिनेच केलेला, आणि दुकानात वर्षानुवर्षं दाढी करून घेणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

वर्गात तिला पहिल्यांदा कळलं, की आपण आपला श्वास आजवर कधी ऐकलाच नव्हता. घरी येताना पाय हलके पडत. टेबलाशी बसण्याआधीही ती तशीच डोळे मिटून बसू लागली. मालकांनी हरकत घेतली नाही, कारण काम झपाट्याने होत होतं आणि तिने केलेल्या डोळ्यांत पूर्वी नव्हतं ते तेज उतरलं होतं.

मग एक बसकंडक्टर बाई आली. तिचा डोळा रंगवताना हात आपोआप फिरला, आणि थेंब सोडल्यावर दिसलं, की कडेने एक बारीक करडी कड आली आहे. बाईच्या खऱ्या डोळ्यात तसलं काही नव्हतं. मालक म्हणाले, जोडी लागत नाही, दुसरा कर. तिने दुसरा करून दिला. खोडायचं नाही हे अंगात मुरलं होतं म्हणून पहिली चकती खरवडली मात्र नाही, डब्यात टाकली. पुढे ती कंडक्टर बाई तक्रार घेऊन आली, की डोळा आता विजोड दिसतो. खरंच दिसत होता. तिच्या खऱ्या डोळ्याच्या बुबुळाभोवती करडी कड आली होती. डब्यातली चकती काढून शेजारी धरली, तर तंतोतंत.

वयाने येते अशी कड, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. पण पाठोपाठ वाद्यं दुरुस्त करणारा एक माणूस आला. धडधाकट, हसरा. त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्यात तिच्या हाताने हळदीसारखी झाक भरली. मालक या खेपेला चिडले. तिने निमूट दुसरा डोळा केला. काही महिन्यांनी त्या माणसाचा भाऊ तो डोळा परत द्यायला आला. कावीळ झाली आणि यकृतानेच दगा दिला, म्हणाला. आता हा ठेवून काय करायचं?

आपण रंगवतो म्हणून हे होतं, अशी तिची खात्रीच झाली. नक्कल करणारा हात निरुपद्रवी होता. आत बसलेला जो कोणी उठला होता, तो लोकांच्या अंगावर रोग काढत होता. ती वर्गाच्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्या वाकडी बोटं चोळत बसल्या.

"चित्र आपण काढत नाही," त्या म्हणाल्या. "आपण फक्त आडवे येत नाही, एवढंच."

"आणि मला आडवं यायचं असेल तर?"

"तर ये. पण येणारं थांबत नाही. तुला दिसायचं तेवढं बंद होईल."

ती तिथून उठली ती कानाला खडा लावूनच. वर्ग सोडला. मिटून बसणं सोडलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावरून नजर न हलवता, रेघेला रेघ जोडत ती पूर्वीसारखी काम करू लागली. डोळे पुन्हा जोडीचे होऊ लागले आणि मालक खूश झाले. तिला मात्र रात्री जेवण जाईना. दिवसभर कोणीतरी आतून दार लोटतंय आणि आपण पाठ लावून उभे आहोत, असं वाटत राही.

अशात दादाने नवा डोळा मागितला. जुना झिजला होता, पापणीला टोचत होता. तिने आज-उद्या केलं. दुसऱ्या कारागिराचं नाव सुचवलं. दादा आधी हसला, मग दुखावला. जगाचे डोळे रंगवते आणि सख्ख्या भावाची वेळ आली की हात आखडतो, असं तो वहिनीपाशी बोलला, आणि एका सकाळी दुकान उघडण्याआधी सरळ येऊन खुर्चीत बसला.

"बारके, कर आता. मी हलत नाही."

लहानपणापासून तो तिला बारकीच म्हणे. तिने त्याच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. दादाकडे हा एकच होता. लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणाऱ्या माणसाचा एकुलता एक डोळा. नक्कल, फक्त नक्कल, असं स्वतःला बजावत तिने ब्रश उचलला. तपकिरी, त्यावर पिवळसर रेषा, कडेला गडद वर्तुळ. अगदी हवं तसं. दादा कोणा गिऱ्हाइकाच्या टकलाची गोष्ट सांगत होता. ती हसली आणि हसता हसता तिचा श्वास संथ झाला. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

तिने थेंब सोडला. बुबुळ बिनचूक होतं. पण बाहुलीत, जिथे कारागीर कधी ब्रश लावत नाही, त्या काळ्या ठिपक्यात खालच्या बाजूने एक करडी सावली वर आली होती. सुटून वर फुगलेल्या पडद्यासारखी.

तिने पाणी पुसलं आणि पातं उचललं. हे नाहीसं केलं की ते होणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पातं चकतीला टेकलं. करकर आवाज झाला आणि दादा बोलायचा थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. चुकलं जरा."

"तुझं चुकतं कधीपासून? दाखव."

तिने मूठ मिटली. दादा उठला, तिची बोटं एकेक करून उघडली आणि चकती उजेडात धरून पाहिली. मग सांगण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. कंडक्टर बाईची कड, वाद्यवाल्याची हळद, बाईंचं बोलणं, सगळं तिने सांगितलं. दादा थट्टा करेल, वेड्यात काढेल, अशी तिला आशा होती. दादाने थट्टा केली नाही. तो हळूच खुर्चीत बसला.

"खरवडू नकोस," तो म्हणाला. "गेला पंधरवडाभर मला खालून अंधारल्यासारखं दिसतंय. मधूनच वीज चमकते. चिलटं उडतात डोळ्यापुढे."

"आणि तू गप्प बसलास?"

"न्हाव्याला नीट दिसत नाही म्हटल्यावर मान कोण पुढे करणार? तुझ्या वहिनीलाही बोललो नाही." त्याने टोचणारी पापणी चोळली. "डोळा टोचतोय हे निमित्त. म्हटलं, तुला बघून कळलं तर कळेल."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच. पण तिला त्याक्षणी राग आला तो स्वतःचा. पंधरवडाभर त्याच्या डोळ्यात काहीतरी सुटत होतं, तिने ब्रशला हात लावण्याच्याही आधीपासून. तिच्या हाताने ते केलं नव्हतं. तिच्या हाताने ते सांगितलं होतं, आणि ती ते खरवडायला निघाली होती.

दुकान त्या दिवशी उघडलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बसवलं, मग दिवा लावून पाहिलं. आतला पडदा एका बाजूने सुटत होता. आजच्या आज टाके घालावे लागतील, म्हणाले. मधला भाग अजून धरून आहे, तो सुटला तर हातात काही उरणार नाही. कशामुळे आलात, असं त्यांनी सहज विचारलं. अंधारल्यासारखं वाटतं म्हणून, असं दादा बोलला. चकती तिच्या मुठीत होती.

डोळा वाचला. एका कोपऱ्यात धूसर राहिलं, पण वस्तरा धरण्यापुरती नजर परत आली. जोडीचा डोळा तिने शेवटी करून दिला नाही. मालकांनी दुसऱ्या कारागिराकडून करवून घेतला, थोडा विजोडच. दादाने कुरकुर केली नाही. ती मात्र परत मिटून बसू लागली, कारण पाठ लावून उभं राहण्यात काय दडतं ते तिने पाहिलं होतं. आता खुर्चीत येणाऱ्या प्रत्येकाची तिला भीती वाटे, आणि तरीही ती बघे.

दादाकडे बघणं तिने टाळलं. त्याच्या घरी गेली की भिंतीशी बोले, वहिनीशी बोले, कपातल्या चहाशी बोले. एका दुपारी वहिनी आत गेल्याचं पाहून दादाने खुर्ची पुढे ओढली.

"काय दिसतंय आता?"

"मी बघतच नाहीये, दादा."

"ते मला कळतंय. म्हणूनच विचारतोय."

तिने कप ठेवला. डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलंय, उगाच कशाला, असं काहीबाही ती पुटपुटली.

"बारके," दादा म्हणाला, "मला न सांगता तुला काही कळलं, असं नको. जे असेल ते दोघांनाही कळू दे. बघ."

तिने डोळे मिटले, श्वास खाली बसू दिला आणि मग मान वर केली. दादा पापणीही न लववता तिच्यासमोर बसून राहिला.