तेवढे सहा तास

जोलदोशने दुखवट्यात कमरेला बांधायचा शेला गुंडाळून शेजारच्या सीटखाली सरकवला आणि गाडीतून उतरला. बिश्केकच्या विमानतळाबाहेर मार्चचा वारा झोंबत होता. सेऊल शहरातल्या कारखान्यात कामाला असलेला त्याचा भाचा एर्मेक येत होता, आणि आई गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं; 'लगेच ये' एवढाच निरोप होता. अशी बातमी फोनवर देत नाहीत. वडीलधाऱ्याने समोर बसून, हात धरून द्यायची. गेली ती जोलदोशची सख्खी थोरली बहीण, आणि घरात वडीलधारा आता तोच. गावाच्या वळणाआधी सांगून टाकायला हवं होतं. वळणावरून अंगणातला लोकरी तंबू दिसतो, आणि तो कशासाठी उभारलाय हे कुणालाही कळतं.

तंबू त्यानेच उभारून घेतला होता. दुखवट्याच्या जेवणासाठी घोडाही त्यानेच कापवला, माणसं बोलावली. पण रडू म्हणून आलं नव्हतं. आतून तो नुसता बधिर झाला होता.

एर्मेक पाठीवर एकच पिशवी घेऊन बाहेर आला.

"भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले," जोलदोशने नेहमीची जुनी म्हण टाकली.

"लांडग्यांना विमानाचं तिकीट कोण काढून देतंय, मामा," एर्मेक म्हणाला, पण हसला नाही.

"किती वेळ लागला रे?"

"सहा तास. चार हजार किलोमीटरच्या वर आहे. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, तोच बघत बसलो."

वाटेत कोचकोर गावात त्यांनी समोसे घेतले. ते मांडीवरच गार झाले. चहा घेताना सांगू, असं जोलदोशने ठरवलं होतं. मग ठरवलं, घाटात सांगू. घाटमाथ्यावर त्याने गाडी थांबवली आणि भाच्याचा हात हातात घेतला.

"एर्मेक, बाळा..."

"घर किती लांब राहिलं?"

"दीड तास."

"मग तेवढं राहू दे, मामा."

जोलदोशने गिअर टाकला. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घाट उतरल्यावर एर्मेक खिडकीकडे बघत बोलला.

"सगळं ठीक असताना कुणी 'लगेच ये' म्हणतं का? पडद्यावर अंतर कमी होत होतं आणि मला वाटत होतं, होऊ नये. मला कुणी सांगितलं नव्हतं ना. तेवढे सहा तास ती होती."

वळणाच्या अलीकडे एर्मेकने त्याच्या खांद्याला हात लावला.

"थांबव. इथून चालत जायचं असतं ना? शेला दे. मघापासून पायाला लागतोय."

जोलदोशने तो त्याच्या कमरेला घट्ट बांधला. इथून मुलाने मोठ्याने हंबरडा फोडत जायचं, म्हणजे तंबूत शोक करत बसलेल्या बायकांना तो आल्याचं कळतं. वळण ओलांडून एर्मेकने तोंड उघडलं. नुसती वाफ आली. तंबूबाहेर उभी असलेली माणसं इकडेच बघत होती.

"मामा, येत नाहीये."

"असू दे. मी देतो हाक."

त्याच्या वतीने 'आई गं' म्हणायचं, एवढंच तर होतं. जोलदोशने छाती भरून घेतली. तोंडातून निघालं ते "ताई गं!" आणि मग ते थांबेना. त्याला पुढे चालता येईना.

एर्मेकने मामाच्या काखेत हात घातला आणि त्याला धरून धरून घराकडे नेलं.