तानुबाईंचा शब्द

"मास्तर, उकंडरावले शब्द देल्ला, शेषरावले देल्ला, अन् मी काय पाप केलं? भाकर तं रोज मीच घालतो ना तुमाले!"

तानुबाई ओसरीवर तूर पाखडत बोलत होत्या. खरं म्हणजे त्या पहाटेपासूनच बोलत होत्या. चिंतामणने पुस्तकातून डोकं वर काढलं. वरवट बकालच्या शाळेत तो इंग्रजी शिकवायचा आणि तानुबाईंच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचा. नवा महाराष्ट्र झाला, मुंबई आपली झाली, आणि चिंतामणला तिथल्या एका मोठ्या संस्थेत एम.ए. करायचं वेड लागलं. प्रवेशपरीक्षेत म्हणे असे इंग्रजी शब्द येत, की साहेबानेही कपाळाला हात लावावा. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. काय व्हायचं ते यंदाच.

शब्द काही केल्या डोक्यात राहत नव्हते. मग त्याने युक्ती काढली. एकेक शब्द गावातल्या एकेका माणसाला देऊन टाकला. घुम्या उकंडराव झाला 'टॅसिटर्न'. सुपारीचं खांडसुद्धा उद्यासाठी ठेवणारा शेषराव झाला 'पार्सिमोनियस'. माणूस दिसला की शब्द आठवे आणि शब्द वाचला की माणूस. पण गावात गोष्ट लपते थोडीच! जो तो आपला शब्द विचारायला येऊ लागला.

आता आली पंचाईत. भल्या माणसाला तोंडावर कंजूष कसं म्हणायचं? शेषरावाला तो म्हणाला, "जपून संसार करणारा." उकंडरावाला म्हणाला, "खोल विचाराचा." त्या दिवशी उकंडराव चक्क हसला.

"मावशी, तुमचा शब्द 'गॅर्युलस'."

"गॅर्युलस!" तानुबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे काय जी?"

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, नको तेवढी वटवट करणारी. चिंतामण त्यांच्याकडे बघत राहिला. नवरा गेल्यापासून ही बाई चुलीशी बोलते, म्हशीशी बोलते, हे त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे... मोकळ्या मनाची."

"हाव?" तानुबाई क्षणभर गप्पच झाल्या. "माह्या मायनंही मले कधी असं म्हटलं नाही."

संध्याकाळी तो कापूस फुटलेल्या पराटीच्या शेतांमधून शब्द घोकत हिंडायचा. सातपुडा निळा होत जायचा. बांधावरून कुणी ओरडायचं, "रामराम मास्तर, मी पार्सिमोनियस!" स्वप्नात मुंबईचं ग्रंथालय यायचं, लांबच लांब टेबलं, आणि शेवटच्या टेबलाशी उकंडराव मांडी घालून बसलेला. जागं झाल्यावरही ते खरंच वाटायचं.

परीक्षा नागपूरला होती. उंच खिडक्यांचा हॉल, वर घुमणारे पारवे. एकेका शब्दापुढे चार-चार अर्थ, बरोबर असेल त्यावर खूण करायची. पहिल्याच पानावर 'गॅर्युलस' दिसला आणि पदराला हात पुशीत तानुबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मागून धोतराचा सोगा सावरत शेषराव आला. उकंडराव खिडकीशी थांबला. चिंतामणला फार बरं वाटलं. परक्या शहरात आपली माणसं भेटली होती, आणि ती आपला शब्द ऐकायला आली होती. ज्याला जो अर्थ सांगितला होता त्याच अर्थावर तो हलक्या हाताने खुणा करत गेला, कुणाचंही मन न दुखवता.

परतीची गाडी अकोल्याच्या पुढे आली तेव्हा तो दचकून भानावर आला. आपण काय करून आलो, ते त्याला आत्ता दिसलं. पाठ तर सगळं होतं. हातातोंडाशी आलेला घास त्याने स्वतःच्या हाताने सांडला होता. रुमाल तोंडावर धरून तो शेगावपर्यंत रडला.

एस.टी.तून वरवटला उतरला, तर तानुबाई फाट्यावरच उभ्या.

"मास्तर, आला का माहा शब्द?"

"आला, मावशी."

"मंग काय लेहलं?"

सगळं ओठांवर आलं होतं. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मोकळ्या मनाची."

"अन् बराबर निंगालं?"

"बरोबरच आहे ते," चिंतामण म्हणाला.

तानुबाईंनी त्याची पिशवी हिसकून घेतली आणि त्या पुढे चालू लागल्या, भेटेल त्याला थांबवून सांगत, की नागपूरच्या पेपरात आपला शब्द आला होता. घर येईपर्यंत त्या बोलत राहिल्या. चिंतामण मागून ऐकत चालला.