बाबांची अपॉइंटमेंट

“ताई, पुढची अपॉइंटमेंट तुमच्या बाबांनी घेतलीय,” रिसेप्शनवरची मुलगी दारातून हळूच म्हणाली. “म्हटलं, थेट आत जा की. तर म्हणाले, नाही, नंबर आला की जाईन.”

ताई आपल्या समुपदेशनाच्या खोलीतून बाहेर आली. बाबा बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. जन्मभर तरणतलावाच्या काठावर बसून त्यांनी लोकांचे जीव राखले होते, पण आई गेल्यापासून ते स्वतः पाण्यात उतरले नव्हते. दिवसचे दिवस खिडकीशी बसून राहायचे. कुणाशी तरी बोला, असं ती घरी कितीदा म्हणाली होती. “मला काय धाड भरलीय?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

“बाबा, बरं वाटत नाहीये?”

“बरं असतं तर आलो असतो का?”

ती शेजारी बसली. “पण मला तुमचं ऐकता येणार नाही. घरच्या माणसाचं आम्ही असं ऐकत नाही.”

“घरच्या माणसाचं घरचे ऐकतात कुठे?” बाबा म्हणाले. रिसेप्शनवरच्या मुलीनं हसू दाबलं.

“पलीकडच्या खोलीत सर आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले.”

“परक्या माणसापुढे बोलू?”

“परक्यापुढे सोपं जातं, बाबा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुला वाईट नाही ना वाटणार?”

“नाही,” ती म्हणाली. ते पुरतं खरं नव्हतं.

बाबा सरांच्या खोलीत गेले. ती बाकावरच बसून राहिली. रोज माणसं इथे बसायची. ती स्वतः कधीच बसली नव्हती. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपत होतं आणि फरशीवर सावकाश हलत होतं. आतला आवाज शब्द हरवून, पाण्याखालून यावा तसा येत होता. तिला वाटलं, आपण फार लहान आहोत, तलावात उताणं पडलोय, पाठीखाली बाबांचा तळवा आहे. “अंग सैल सोड,” ते म्हणतायत. “मी आहे.”

मग एक शब्द स्पष्ट ऐकू आला. आईला ते एकांतात ज्या नावानं हाक मारत, ते नाव. लहानपणी भिंतीपलीकडून कधीमधी कानावर पडलेलं. त्यामागून बाबांचा हुंदका आला. तो तिनं कधीच ऐकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही.

ती उठली आणि काही ऐकू येणार नाही अशा टोकाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बाबा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

“पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.”

“याल?”

“बघू. येईन.” मग खाली बघत म्हणाले, “काय बोललो ते विचारू नकोस हं.”

“नाही विचारणार.”

ते जिना उतरले. ती वरून कठड्याला टेकून पाहत होती. खाली काचेच्या दाराशी बाबा थांबले. खिशातून कंगवा काढला, काचेत बघत भांग नीट केला, कॉलर सारखी केली आणि दार ढकलून उन्हात गेले.