अर्धी पुसलेली ब्युइक

पेनसिल्व्हेनियातल्या त्या माळावर ऑक्टोबरची मेली थंडी हाडात शिरत होती. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचे परीक्षक यायच्या आत वर्लिनने तंबूतून बाहेर येऊन आपल्या जुन्या ब्युइकवरचं दव पुसून काढलं.

शेजारच्या तंबूतला डेल वर्षातून एकदा, इथेच भेटायचा. कॉफीचा मग घेऊन तो आला आणि खो खो हसत सुटला. "अरे म्हाताऱ्या, अर्धीच गाडी पुसलीस की!"

वर्लिनने वाकून पाहिलं. पलीकडची बाजू ओलीचिंब होती.

"ती बाजू कॉरीन पुसते," तो सवयीने बोलून गेला.

"मग उठव की महाराणीला! अजून लोळतेय होय?"

मार्चमध्ये बायकोला मूठमाती देऊन आलेला वर्लिन नुसताच फडकं पिळत राहिला.

"झोपू दे तिला," तो म्हणाला. "थंडी फार आहे."